पांढऱ्यावर पांढरे

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्याकडे सकाळचे सात वाजले होते, म्हणजे शिकागोत आदल्या संध्याकाळचे साडेसात. माझी धाकटी बहीण शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. वय ४४. आयुष्यातली पहिली मॅमोग्राफी तिने नुकतीच करून घेतली होती आणि त्याचे पत्र हातात घेऊन ती फोनवर बोलत होती.

"गाठबीठ काही नाही ताई. पण लिहिलंय की तुमच्या स्तनांतली ऊती दाट आहे. दाट म्हणजे चांगलं की वाईट गं?"

मला उत्तर देता आले नाही. दाट केस चांगले, दाट दही चांगले, एवढेच मला ठाऊक. मी कॉलेजात इतिहास शिकवते. वैद्यकाशी माझा संबंध एवढाच, की आमची आई याच रोगाने गेली. १९८९ साली. हाताला लागलेली गाठ तिने सात-आठ महिने पदराआड ठेवली, कारण त्या वर्षी माझी बारावी होती. हे आम्हांला फार उशिरा कळले, आणि त्यावर घरात अजूनही कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

"आणि आणखी एक," बहीण म्हणाली. "तिथल्या फॉर्मवर वंश विचारला होता. मी 'एशियन'वर खूण केली. त्याचा नि स्तनांचा काय संबंध?"

पहिल्या प्रश्नाने मी घाबरले. दुसऱ्याने कामाला लागले. गेले आठ-नऊ महिने जे वाचले त्यातून हा लेख झाला आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा यात सल्ला नाही. एका रकान्याचा इतिहास आहे.

आधी दाटपणाविषयी. क्ष-किरण चरबीतून सहज आरपार जातात, म्हणून चित्रात चरबी काळपट दिसते. दुधाच्या ग्रंथी, नलिका आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू किरण अडवतात. ते पांढरे दिसतात. चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त असतील, तर तो स्तन 'दाट'. हाताला तो घट्ट लागतो की सैल, याच्याशी त्याचा संबंध नाही. दाटपणा चित्रातच कळतो. अडचण अशी, की कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. बाजरीत पडलेला तांदूळ लगेच नजरेला येतो. तांदळात पडलेला पांढरा खडा दाताखाली येईपर्यंत कळत नाही. शिवाय दाट ऊती नुसती गाठ लपवत नाही, रोगाचा धोकाही काही प्रमाणात वाढवते. चाळिशीपुढच्या अमेरिकन स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचे स्तन दाट या वर्गात मोडतात. म्हणजे हा आजार नव्हे, विकृती तर नव्हेच. वय वाढते तशी बहुतेकींची ऊती विरळ होत जाते.

या चित्रांचा आरंभ बर्लिनमध्ये झाला. आल्बर्ट सालोमन या शल्यचिकित्सकाने १९१३ साली, शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरणचित्रे घेऊन ती प्रत्यक्ष ऊतींशी ताडून पाहिली. गाठींतले बारीक ठिपके त्याला दिसले होते. त्यांचे महत्त्व कळायला पुढची काही दशके जावी लागली. सालोमन ज्यू होता. १९३३नंतर त्याचे पद गेले, १९३८च्या नोव्हेंबरातल्या हिंसाचारानंतर त्याला साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत टाकले, आणि सुटल्यावर १९३९मध्ये तो हॉलंडला पळाला. तो वाचला. त्याची मुलगी शार्लोट, जिची चित्रे आज जगभर पाहिली जातात, १९४३ साली आउश्वित्झमध्ये मारली गेली. तेव्हा ती २६ वर्षांची होती. स्तनांच्या चित्रणाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक सालोमनचा उल्लेख एका वाक्यात आटोपतात. मला ते जमले नाही. वंशाचा रकाना कशाकशासाठी भरून घेतला जातो, हे ठाऊक असणारा माणूस या विद्येच्या पहिल्याच पानावर उभा आहे.

जिवंत स्त्रियांची चित्रे घेण्याचे तंत्र पुढे अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्टॅफर्ड वॉरनने १९३०मध्ये वापरले. उरुग्वेच्या राउल लेबोर्नने स्तन दाबून धरला की चित्र स्वच्छ येते हे दाखवले. (ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांना लेबोर्नची आठवण वेगळ्या कारणाने राहील.) ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगनने १९६०च्या सुमारास कोणालाही शिकता येईल अशी पद्धत बसवली. पण काही त्रास नसलेल्या बाईला बोलावून तपासायचे आणि त्यामुळे मृत्यू टळतात का ते मोजायचे, हे प्रथम न्यूयॉर्कमध्ये झाले. १९६३ साली तिथल्या एका आरोग्य विमा योजनेतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२ हजार स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी यांसाठी बोलावले, दुसऱ्याचे नेहमीप्रमाणे चालू ठेवले. हे काम करणाऱ्यांपैकी फिलिप स्ट्रॅक्स या डॉक्टरची बायको याच रोगाने गेली होती. काही वर्षांनी हिशेब झाला तेव्हा बोलावलेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी भरले.

हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्याच प्रयोगातून १९८२ साली निघालेला दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. या विमा योजनेत गोऱ्या स्त्रियांबरोबर काळ्या स्त्रियाही होत्या. न बोलावलेल्या गटात, रोग झाल्यावर काळ्या स्त्रिया गोऱ्यांपेक्षा लवकर मरत होत्या. बोलावलेल्या गटात हा फरक नाहीसा झाला. तेच दवाखाने, तेच यंत्र, तेच डॉक्टर, आणि सगळ्यांकडे विमा. पन्नास वर्षांच्या वादाचे अर्धे उत्तर या एका तक्त्यात होते असे मला वाटते. पण तो तक्ता फार लवकर आला, आणि लवकर विसरला गेला.

दाटपणाकडे लक्ष गेले ते १९७६मध्ये. डेट्रॉइटच्या जॉन वुल्फ या क्ष-किरणतज्ज्ञाने हजारो चित्रे पाहून स्तनांचे चार प्रकार केले आणि सांगितले, की सर्वांत दाट प्रकारात कर्करोगाचा धोका सर्वांत विरळ प्रकाराच्या ३७ पट आहे. इतका मोठा आकडा पुढे कोणाला सापडला नाही आणि वुल्फची काही काळ टिंगलही झाली. टोरांटोच्या नॉर्मन बॉइड यांनी मात्र हा धागा सोडला नाही. २००७ साली त्यांनी दाखवले, की ज्यांच्या स्तनाचा ७५ टक्के किंवा अधिक भाग दाट आहे त्यांना, १० टक्क्यांहून कमी दाट असलेल्यांच्या मानाने, हा धोका सुमारे पावणेपाच पट असतो. म्हणजे वुल्फचे बोट योग्य जागी होते, आकडा फुगला होता.

या 'टक्के' शब्दापाशी मी बरेच दिवस अडकले होते.

टक्केवारी म्हणजे भागाकार. दाट भाग अंश, संपूर्ण स्तन छेद. समजा, दोन बायकांच्या चित्रांत दाट भाग सारखाच, ३० चौरस सेंटिमीटर. एकीचे स्तन लहान, चित्रात ६० चौरस सेंटिमीटर. दुसरीचे मोठे, १५०. पहिली ५० टक्के दाट, दुसरी २० टक्के. गाठ उगवू शकेल अशी ऊती दोघींत सारखीच आहे, पण नोंदीत एक दाट ठरली, एक विरळ. आता हा भागाकार वंशाच्या रकान्याशेजारी ठेवून पाहा. अमेरिकेत केलेल्या अभ्यासांत आशियाई स्त्रियांची टक्केवारी सर्वांत जास्त निघते, आणि कर्करोगाचे प्रमाण मात्र गोऱ्यांपेक्षा कमी. दाटपणाने धोका वाढतो असे म्हणावे, तर हे कोडेच आहे. हवाई विद्यापीठाच्या गर्ट्राउड मास्कारिनेक यांनी टक्के बाजूला ठेवून दाट भागाचे क्षेत्रफळच मोजले. तेव्हा जपानी आणि चिनी वंशाच्या स्त्रियांत ते गोऱ्यांपेक्षा कमीच भरले. स्तन लहान, त्यात चरबी कमी, म्हणून टक्का वर गेलेला.

काळ्या स्त्रियांच्या बाबतीत उलटा प्रकार. वरवर पाहता त्यांचे स्तन कमी दाट निघत, आणि त्यावरून दाटपणा ही त्यांची काळजी नव्हे असे समजले जाई. पण सरासरीने त्यांचे वजन जास्त, म्हणजे छेद मोठा. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २०१६ साली संगणकाने मोजमाप करून, वय आणि वजन यांचा हिशेब धरून पाहिले, तर काळ्या स्त्रियांची दाट ऊती गोऱ्यांपेक्षा जास्त निघाली. फरक होताच. फक्त बाजू बदलली.

मग रकान्यात 'वंश' म्हणून जे लिहिले जाते ते नेमके काय असते? इथे मी माझ्या विषयात येते. बहिणीने खूण केलेल्या त्या चौकोनाला वंशावळ आहे. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनांत आपल्याकडचे लोक 'हिंदू' या वंशाचे होते, मग तो पंजाबातला शीख का असेना. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना सांगितले, की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. १९७०च्या जनगणनेत भारतीय एकदम 'गोरे' झाले. १९८०पासून 'एशियन इंडियन' म्हणून आशियाई. माझी बहीण १९७० साली त्या देशात असती तर जनगणनेने तिला गोरी म्हटले असते. शरीर तेच, दाट ऊती तीच.

यात हसण्यासारखे काही नाही, कारण पुढचे गणित या खुणेवर चालते. बाईला पुढच्या पाच वर्षांत हा रोग होण्याची शक्यता किती, हे सांगणारे एक सूत्र १९८९मध्ये मिचेल गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. त्याचा आधार, १९७३पासून अमेरिकेत २९ केंद्रांवर झालेल्या एका प्रचंड तपासणी मोहिमेतल्या गोऱ्या स्त्रिया. काळ्या स्त्रियांसाठी वेगळे सूत्र यायला २००७ उजाडले. आशियाई स्त्रियांसाठी २०११. आणि हे आशियाई म्हणजे कोण? कॅलिफोर्निया आणि हवाईतल्या चिनी, जपानी आणि फिलिपिनो स्त्रिया. त्यांचीच माहिती १९८०च्या दशकात गोळा केली होती. साताऱ्याच्या बाईचे भविष्य मनिलाच्या बाईवरून सांगायचे, कारण दोघींचे खंड एक. गंमत अशी, की याच स्त्रियांच्या अभ्यासाने १९९३ साली वेगळेच काही सिद्ध केले होते: आशियातून आलेल्या कुटुंबांत, जितकी वर्षे आणि जितक्या पिढ्या अमेरिकेत जातात तितके या रोगाचे प्रमाण वाढत जाते. वंश तोच राहून धोका बदलतो. ज्यांच्या माहितीने वंशाचा रकाना डळमळीत केला, त्यांचीच माहिती त्या रकान्यात भरली गेली.

आता शिकागोविषयी लिहायला हवे. बहीण राहते म्हणून मी तिथले वाचू लागले, आणि मला हवी ती गोष्ट तिथेच सापडली.

१९८० साली शिकागोत काळ्या आणि गोऱ्या स्त्रियांचा स्तनकर्करोगाचा मृत्युदर सारखा होता. सारखा, हा शब्द मी पुन्हा लिहिते. त्यानंतर मॅमोग्राफी सर्वत्र झाली, टॅमॉक्सिफेन आले, केमोथेरपी सुधारली. गोऱ्या स्त्रियांचा मृत्युदर उतरू लागला. काळ्या स्त्रियांचा जागच्या जागी राहिला. २००३पर्यंत काळ्या स्त्रियांचा दर गोऱ्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त झाला होता. स्टीव्ह व्हिटमन, डेव्हिड अँसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे २००७मध्ये मांडले तेव्हा शहरात खळबळ माजली. वीस-बावीस वर्षांत कोणाचे जनुक बदलत नाहीत. काळ्या स्त्रियांत, काही औषधांना दाद न देणाऱ्या एका जहाल प्रकारचा कर्करोग गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण तो प्रकार १९८०मध्येही असणारच. तेव्हा दरी नव्हती, कारण तेव्हा कोणाकडेच फारसे काही नव्हते. नवे यंत्र आले, ते काहींना मिळाले, आणि दरी पडली.

त्या वर्षी शिकागोत एक कृतिगट स्थापन झाला. त्यांनी चौकशी केली ती स्त्रियांच्या शरीराची नाही, तपासणी केंद्रांची. यंत्र कोणते, चित्र घेणारी तंत्रज्ञ किती शिकलेली, चित्र वाचणारा डॉक्टर फक्त स्तनांचीच चित्रे वाचतो की सकाळी छाती, दुपारी गुडघा आणि संध्याकाळी स्तन, शंका आलेल्या बाईला परत बोलावले गेले का, आणि ती आली का. दाट स्तनाच्या बाबतीत या प्रत्येक प्रश्नाला धार येते. २००५ साली एका मोठ्या अमेरिकी प्रयोगाने दाखवले होते, की एकंदरीत जुनी फिल्म आणि नवे डिजिटल यंत्र सारखेच. पण दाट स्तनांत, आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत, डिजिटल सरस. डिजिटल यंत्रे आधी कुठल्या वस्तीत गेली असतील हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही. पांढऱ्यावर पांढरे शोधायचे असेल तर यंत्र चांगले लागते आणि डोळा त्याहून चांगला. शिकागोच्या गटाने तंत्रज्ञांना पुन्हा प्रशिक्षण दिले, बायकांचा हात धरून त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर नेणारी माणसे नेमली. पुढच्या वर्षांत तिथली दरी कमी होऊ लागली. देशभर ती अजून आहे: काळ्या स्त्रियांना हा रोग गोऱ्यांपेक्षा किंचित कमी होतो, पण मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त.

बहिणीला आलेल्या पत्रामागे वेगळीच बाई आहे. कनेटिकटच्या नॅन्सी कॅपेलो या शिक्षणक्षेत्रातल्या बाई वर्षानुवर्षे नेमाने मॅमोग्राफी करून घेत. २००३ साली अहवाल निर्दोष आला, आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांच्या हाताला काही लागले. रोग तिसऱ्या टप्प्यात होता. तुमचे स्तन दाट आहेत हे डॉक्टर एकमेकांना कळवत होते, बाईंना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पाच वर्षे झगडून २००९मध्ये आपल्या राज्यात कायदा करून घेतला, की हे बाईला कळवलेच पाहिजे. एकेक राज्य मागून आले. सबंध देशाला लागू होणारा नियम १० सप्टेंबर २०२४ रोजी अमलात आला. तो पाहायला कॅपेलो नव्हत्या, त्या २०१८मध्ये गेल्या. तीन महिन्यांनी माझ्या बहिणीला पत्र आले. मला या बाईंविषयी अपार आदर आहे, तरी एक गोष्ट खटकते. पत्र सांगते की तुम्ही दाट आहात, आणखी तपासण्या उपयोगी पडू शकतील, डॉक्टरांशी बोला. त्यांचे पैसे कोण देणार हे सांगत नाही. आणि त्याच २०२४ साली तिथल्या राष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने, दाट स्तनांसाठी जादा सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवण्याइतका पुरावा अद्याप नाही असे जाहीर केले. ज्या बाईकडे चांगला विमा आहे तिला पत्र म्हणजे माहिती. जिच्याकडे नाही, तिला ती नुसती काळजी.

आपल्याकडे वंशाचा रकाना नाही, पण रकाने आहेत. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ सालची, देशातली पहिली. डॉ. जस्सावाला यांनी तिच्या आधारे दाखवले, की मुंबईत पारशी स्त्रियांत स्तनांचा कर्करोग इतर समाजांपेक्षा जास्त आहे. उशिरा लग्न, मोजकी मुले आणि दीर्घ आयुष्य यांचा त्यात मोठा वाटा. रक्तच निराळे असे म्हणणारेही होतेच. आणि 'भारतीय बायकांना हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा दहा वर्षे आधी होतो' हे वाक्य तर प्रत्येक ऑक्टोबरात गुलाबी फिती लावून ऐकवले जाते. रुग्णांचे सरासरी वय कमी आहे हे बरोबर. पण आपली लोकसंख्याच तरुण आहे, साठीच्या पुढच्या बायका मुळात थोड्या. इथेही छेद पाहायचा राहून जातो.

मुंबईत टाटा रुग्णालयाच्या लोकांनी यंत्राचा नाद न धरता वेगळा मार्ग पाहिला. १९९८पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांना बोलावून हाताने तपासत. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी निकाल २०२१ साली प्रसिद्ध केला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. सगळ्या वयांत मिळून घट १५ टक्के, पण ती योगायोगानेही आली असेल इतपत. मुख्य म्हणजे गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. हाताला दाट-विरळ कळत नाही, पण पांढऱ्यावर पांढऱ्याची अडचणही त्याला नसते. आमच्या आईच्या गल्लीत अशी एखादी बाई आली असती, तर पदर बाजूला करायला आईने तिला नकार दिला असता का, हा विचार मी अधूनमधून करते. निकाल पन्नाशीपुढचा आहे हे ठाऊक असूनही करते.

फेब्रुवारीत बहिणीची सोनोग्राफी ठरली. तिथे पुन्हा एक फॉर्म आला. या वेळी वंशाच्या खाली दुसरा प्रश्न होता: आईला रोग झाला तेव्हा तिचे वय काय होते? तिने मला फोन केला. मी आईचा शाळेचा दाखला काढला. जन्मतारीख १ जून १९४६. म्हणजे निदानाच्या वेळी पुरी ४३ वर्षेही नव्हती. पण ही १ जून आमच्या पिढीपर्यंत निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली. मामी म्हणतात, आई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणजे १९४४ची. त्या हिशेबाने ४५. बहीण ४४ची, बरोबर मध्ये.

"काय लिहू गं?" तिने विचारले.

"४३ लिही," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुण्यात मी माझीही वेळ घेतली.